पुटकाच्या भिंतीतील ग्रंथी : मानवी अंडपुटकाचे हॉर्मोन-स्रवण आणि वंध्यत्वावरील उपचार

वंध्यत्वावरील आधुनिक उपचारांचा विचार करताना सामान्यतः अंड, शुक्राणू आणि त्यांच्या संयोगातून होणारा गर्भ यांकडेच वाचकांचे लक्ष जाते. अंड ज्या पुटकात वाढते त्या पुटकाच्या भिंतीतील कोशिकांचा विचार क्वचितच केला जातो. शरीराबाहेर फलन घडवून आणावयाचे असल्यास स्त्रीच्या अंडाशयातील पुटकांमधून द्रव शोषून घेतात, सूक्ष्मदर्शकाच्या साहाय्याने त्यातील अंड वेगळे करतात आणि राहिलेला द्रव बहुधा टाकून देतात. या टाकलेल्या द्रवात कोशिकांचे असंख्य पुंजके तरंगत असतात. ते अंडाचे निव्वळ वेष्टन नव्हे. ती एक अंतःस्रावी ग्रंथी होय. या उपचारांतील यशाचा, त्याचप्रमाणे त्यांतील संकटांचाही, मोठा भाग या ग्रंथीच्या वर्तनावर अवलंबून असतो. ते कसे, हे स्पष्ट करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पुटकाची रचना

अंडाशयातील द्रवपूर्ण पुटकांचे सविस्तर वर्णन डच शरीरविज्ञ रेनियर द ग्राफ यांनी 1672 साली केले. पुटक म्हणजेच अंड असा त्यांचा समज होता. खरे अंड त्या पुटकाच्या आत असते व ते पुटकाहून कितीतरी लहान असते, ही गोष्ट कार्ल एर्न्स्ट फोन बेअर यांनी 1827 साली कुत्रीच्या अंडाशयात प्रत्यक्ष पाहिली.

मुलगी जन्मास येते तेव्हा तिच्या दोन्ही अंडाशयांत मिळून सुमारे 10 ते 20 लक्ष पुटके असतात. वयात येईपर्यंत त्यांपैकी तीन ते चार लक्षच उरतात आणि सबंध आयुष्यात अंडमोचनापर्यंत पोहोचणारी पुटके चारशेच्या आसपास असतात. बाकीची सर्व वाटेतच सुकून जातात.

पक्व होत आलेल्या पुटकाचा व्यास सुमारे 20 मि.मी. असतो. त्याच्या भिंतीत दोन प्रकारच्या कोशिका आढळतात. आतल्या बाजूस, अंड व द्रव यांना लागून, कणकोशिकांचे थर असतात. पक्व पुटकात त्यांची संख्या काही कोटींपर्यंत जाते. त्यांच्या बाहेर एक पातळ आधारपटल असते आणि त्याही पलीकडे आवरणकोशिकांचा थर असतो. या रचनेतील एक बाब विशेष ध्यानात ठेवण्याजोगी आहे. रक्तवाहिन्या आवरणकोशिकांच्या थरापर्यंतच येतात. आधारपटल ओलांडून त्या आत शिरत नाहीत. अर्थात अंडमोचनाच्या वेळेपर्यंत कणकोशिकांना रक्ताचा प्रत्यक्ष स्पर्श नसतो. जे मिळावयाचे ते त्यांना पटलातून झिरपूनच मिळते. पुढे जे सांगावयाचे आहे त्यातील बरेचसे या एका गोष्टीतून उलगडते.

दोन कोशिका, दोन आज्ञा

स्त्रीमदजन, म्हणजेच ईस्ट्रोजेन, हे हॉर्मोन शुद्ध स्वरूपात वेगळे करण्यात 1929 साली अमेरिकेत डॉइझी यांना व जर्मनीत बुटेनांट यांना स्वतंत्रपणे यश आले. तथापि अंडाशयातील नेमकी कोणती कोशिका ते निर्माण करते, हा प्रश्न पुढे तीस वर्षे सुटला नाही. कोणी आवरणकोशिकांचे नाव घेत, कोणी कणकोशिकांचे.

स्वीडनमधील बेंग्ट फाल्क यांनी 1959 साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगाने या वादास नवे वळण लागले. त्यांनी उंदराच्या अंडाशयातील निरनिराळ्या कोशिका सूक्ष्म उपकरणांनी अलग केल्या आणि त्या उंदराच्याच डोळ्याच्या पुढील कप्प्यात रोवल्या. त्यांच्या शेजारी योनिमार्गाच्या अस्तराचा एक लहान तुकडा ठेवला. स्त्रीमदजन मिळाले म्हणजे या अस्तराच्या कोशिका बदलतात. त्यामुळे तो तुकडा साक्षीदाराचे काम करीत असे. एकाच प्रकारच्या कोशिका एकट्या रोवल्या असता तो तुकडा निश्चल राहिला. दोन्ही प्रकारच्या कोशिका शेजारी शेजारी ठेवताच त्यात बदल दिसू लागला. वाद 'ही की ती' असा होता. उत्तर 'दोन्ही मिळून' असे निघाले. पुढे 1966 साली केनेथ रायन व त्यांच्या सहकाऱ्यांनी मानवी पुटकांतील कोशिकांवर प्रयोग करून दोहोंमधील रासायनिक भेद दाखविला.

या सहकार्याचे स्वरूप आज पुढीलप्रमाणे समजले जाते. मूळ कच्चा माल म्हणजे रक्तातून येणारे कोलेस्टेरॉल. त्याच्या रेणूत 27 कार्बन अणू असतात. आवरणकोशिका रक्तवाहिन्यांच्या सान्निध्यात असल्यामुळे त्यांना ते विपुल मिळते. त्या त्याची काटछाट करून प्रथम 21 व नंतर 19 कार्बन अणूंचे पदार्थ तयार करतात. हे 19 कार्बनांचे पदार्थ म्हणजे पौरुषजने, अर्थात अँड्रोजेने होत. ती आधारपटलातून झिरपून कणकोशिकांकडे येतात. कणकोशिकांपाशी ॲरोमॅटेज नावाचे एंझाइम असते. ते आणखी एक कार्बन अणू काढून टाकते आणि 18 कार्बनांचे स्त्रीमदजन सिद्ध होते. एकाने सूत काढावे व दुसऱ्याने ते विणावे, असा हा व्यवहार आहे. सूत काढणाऱ्यास माग चालविता येत नाही आणि विणकरास स्वतः सूत काढता येत नाही.

या दोघांना मिळणाऱ्या आज्ञाही वेगळ्या असतात. मेंदूच्या तळाशी असलेल्या पोष ग्रंथीतून पीतपिंडकारी हॉर्मोन (एलएच) व पुटकोद्दीपक हॉर्मोन (एफएसएच) अशी दोन हॉर्मोने स्रवतात. पहिल्याची आज्ञा आवरणकोशिका पाळतात, दुसऱ्याची कणकोशिका.

या सिद्धान्ताचा प्रत्यय स्त्रीच्या शरीरात कसा येतो, हे 1992 साली नेदरलंड्समधील संशोधकांनी प्रसिद्ध केलेल्या एका रुग्णेच्या वृत्तान्तावरून दिसते. तिच्या पोष ग्रंथीत ही दोन्ही हॉर्मोने तयार होत नव्हती. तिला कृत्रिम रीतीने सिद्ध केलेले केवळ पुटकोद्दीपक हॉर्मोन देण्यात आले. पुटके पूर्ण आकारापर्यंत वाढली. परंतु रक्तातील पौरुषजने व स्त्रीमदजन यांची पातळी मात्र जवळजवळ वाढली नाही. विणकर सज्ज होते, पण सूतच नव्हते. पुटकाचा आकार वाढणे आणि पुटकाने ग्रंथीचे कार्य करणे या दोन भिन्न गोष्टी आहेत, हा धडा या उदाहरणाने घालून दिला.

एकच पुटक का पिकते?

दर महिन्यास अनेक पुटके एकदमच वाढीस लागतात. परंतु पूर्णत्वास बहुधा एकच जाते. या निवडीचा निर्णय कणकोशिकाच करतात. पुटके वाढू लागली की त्यांच्या कणकोशिकांतून स्त्रीमदजन व इन्हिबिन ही हॉर्मोने रक्तात येतात आणि पोष ग्रंथीतून होणारे पुटकोद्दीपकाचे स्रवण कमी करतात. पुरवठा आटला म्हणजे दुर्बळ पुटके उपाशी पडतात. जे पुटक सर्वांत पुढे गेलेले असते त्याच्या कणकोशिकांवर या हॉर्मोनाचे ग्राही अधिक असतात. शिवाय तोपर्यंत त्यांच्यावर पीतपिंडकारी हॉर्मोनाचे ग्राहीही उत्पन्न झालेले असतात. त्यामुळे कमी पुरवठ्यातही ते तग धरते. आपल्या स्पर्धकांचा आहार तोडणारे स्त्रीमदजन मुख्यत्वे या एका पुटकाचेच असते.

यानंतर एक विलक्षण उलट घडते. रक्तातील एस्ट्रॅडिऑल, म्हणजे मुख्य स्त्रीमदजन, दर मिलिलिटरमागे सुमारे 200 पिकोग्रॅमच्या वर जाऊन सुमारे दोन दिवस टिकले की पोष ग्रंथीवरील त्याचा परिणाम दाबण्याचा न राहता चेतविण्याचा होतो. पीतपिंडकारी हॉर्मोनाची लाट उसळते आणि ती सुरू झाल्यापासून सुमारे 36 तासांनी अंडमोचन होते. आपण पक्व झालो आहोत हा संदेश पुटक स्वतःच पाठविते, असे म्हणावयास हरकत नाही.

उपचारातील उद्दीपन

उपचारात या निवडीचा नियम हेतुपुरस्सर मोडला जातो. पुटकोद्दीपक हॉर्मोन बाहेरून टोचल्यामुळे त्याचा पुरवठा आटत नाही आणि जी पुटके एरवी सुकली असती तीही वाढतात.

या मार्गातील पहिले पाऊल स्वीडनमध्ये कार्ल गेमझेल यांनी टाकले. मृत व्यक्तींच्या पोष ग्रंथींपासून काढलेल्या हॉर्मोनाच्या साहाय्याने अंडमोचन घडवून आणल्याचे त्यांनी 1958 साली प्रसिद्ध केले. इटलीत पिएरो डोनिनी यांनी वेगळा मार्ग अनुसरला. ऋतुनिवृत्तीनंतर अंडाशयाचा अंकुश सुटल्यामुळे पोष ग्रंथीची ही हॉर्मोने मूत्रातून विपुल प्रमाणात जाऊ लागतात. डोनिनी यांनी मठांतील वृद्ध जोगिणींचे मूत्र गोळा करून त्यातून औषध सिद्ध केले. ब्रूनो लुनेनफेल्ड यांनी ते वापरले आणि अशा उपचारानंतरचे पहिले बालक 1962 साली इझ्राएलमध्ये जन्मास आले. 1990 नंतरच्या दशकात जनुकतंत्राने घडविलेले पुटकोद्दीपक हॉर्मोनही उपलब्ध झाले.

उद्दीपनाचा परिणाम दोन रीतींनी मोजतात : श्राव्यातीत ध्वनीच्या चित्रणाने पुटकांचा आकार व रक्तपरीक्षेने एस्ट्रॅडिऑल. नैसर्गिक चक्रात एस्ट्रॅडिऑलची सर्वोच्च पातळी दर मिलिलिटरमागे सुमारे 200 ते 400 पिकोग्रॅम असते. दहापंधरा पुटके एकदम वाढली असता ती हजारोंच्या घरात जाते. यातून पहिली अडचण उद्भवली. पुटके लहान असतानाच त्यांच्या स्रावांची बेरीज लाटेच्या उंबरठ्यावर पोहोचे आणि अंडे अपक्व असताना, किंवा ती काढून घेण्यापूर्वीच, सर्व डाव उधळला जाई. पोष ग्रंथीस अधोथॅलॅमसाकडून येणाऱ्या संदेशाची नक्कल करणारी अथवा तो अडविणारी औषधे 1980 नंतरच्या काळात वापरात आली आणि ही अकाली लाट थोपविता येऊ लागली.

कणकोशिकेचे रूपांतर

लाट उसळली, किंवा तिच्याऐवजी वारेपासून मिळणारे जननग्रंथिपोषक हॉर्मोन (एचसीजी) टोचले, की कणकोशिकेचे सबंध जीवित पालटते. तिचे विभाजन थांबते, ती फुगते, आधारपटल विरते आणि रक्तवाहिन्या प्रथमच आत शिरतात. आता कोलेस्टेरॉल तिच्या दारी येऊन पोहोचते. आजवर दुसऱ्याने काढलेल्या सुतावर काम करणारी ही कोशिका आता स्वतःच प्रोजेस्टेरॉनचे मोठे उत्पादन सुरू करते. पुटकाचा पीतपिंड होतो, तो हा असा. पूर्ण भरात आलेला पीतपिंड दिवसाकाठी 25 मिलिग्रॅम व त्याहूनही अधिक प्रोजेस्टेरॉन स्रवू शकतो. गर्भाशयाचे अस्तर गर्भास सामावून घेण्यास योग्य करणे हे त्याचे कार्य होय.

उद्दीपित चक्रांत हे कार्य अनेकदा अपुरे पडे. प्रारंभी अशी कल्पना होती की, द्रव शोषताना कणकोशिकाही निघून जातात व त्यामुळे पीतपिंड दुर्बळ होतो. परंतु नैसर्गिक चक्रातील एकुलते पुटक अशाच रीतीने रिकामे केले असता पीतपिंडाच्या कार्यात तशी उणीव आढळली नाही. खरे कारण निराळे होते. अनेक पीतपिंडांतून उसळणारी हॉर्मोने पोष ग्रंथीस इतकी दाबून टाकतात की, पीतपिंडास जगविणारे पीतपिंडकारी हॉर्मोनच मिळेनासे होते. अतिउत्पादन हेच अकाली ऱ्हासाचे कारण ठरते. म्हणून अशा चक्रांत प्रोजेस्टेरॉन बाहेरून देणे हा नियम झाला आहे.

इंग्लंडमध्ये रॉबर्ट एडवर्ड्‌स, पॅट्रिक स्टेप्टो व जीन पर्डी यांनाही या अडचणीस तोंड द्यावे लागले. अखेर त्यांनी उद्दीपन सोडून दिले व नैसर्गिक चक्रात पिकलेले एकच अंड घेतले. 25 जुलै 1978 रोजी शरीराबाहेरील फलनातून जगातील पहिले बालक जन्मले ते त्या मार्गाने.

त्याच वर्षी 3 ऑक्टोबर रोजी कोलकात्यात डॉ. सुभाष मुखोपाध्याय यांच्या प्रयत्नांतून अशाच रीतीने एका मुलीचा जन्म झाला. त्यांची रीत इंग्लंडमधील रीतीहून अगदी भिन्न होती. त्यांनी अंडाशयाचे उद्दीपन केले. परंतु तयार झालेला गर्भ त्याच चक्रात न रोवता गोठवून ठेवला आणि नंतरच्या चक्रात गर्भाशयात सोडला. उद्दीपित कोशिकांच्या स्रावाने बिघडलेले अस्तर टाळण्याचा हा उपाय होता. त्यांच्या हयातीत शासकीय समितीने त्यांचा दावा मान्य केला नाही. 1981 साली त्यांनी आत्मघात केला. 6 ऑगस्ट 1986 रोजी मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयात डॉ. इंदिरा हिंदुजा व डॉ. टी. सी. आनंद कुमार यांच्या प्रयत्नांतून जे बालक जन्मले, ते शास्त्रीय रीतीने नोंदविलेले भारतातील पहिले बालक मानले गेले. पुढे 1997 साली स्वतः आनंद कुमार यांनीच मुखोपाध्यायांची टिपणे तपासून पहिलेपणाचा मान त्यांना दिला. स्वतःच्या नावावर असलेला मान पुराव्यापुढे नम्र होऊन दुसऱ्यास अर्पण करणे, ही संशोधनाच्या इतिहासातील थोडकीच घडणारी गोष्ट होय.

अतिउद्दीपनाचे संकट

आता या ग्रंथीच्या सर्वांत गंभीर परिणामाकडे वळू. रूपांतर पावणारी कणकोशिका प्रोजेस्टेरॉनबरोबरच रक्तवाहिन्यांची वाढ घडविणारे एक प्रथिनही स्रवते. आत शिरणाऱ्या वाहिन्यांना तेच बोलाविते. त्याच्या योगाने वाहिन्यांच्या भिंती अधिक पाझरू लागतात. एका पुटकापुरते हे इष्टच असते. परंतु वीस-पंचवीस पुटकांतील कणकोशिका एकाच वेळी हे प्रथिन स्रवू लागल्या म्हणजे सबंध शरीरातील सूक्ष्म वाहिन्या पाझरतात. पाणी उदरपोकळीत साठते, रक्त दाट होते, लघवी कमी होते, क्वचित रक्ताच्या गुठळ्या होतात. अत्यंत तीव्र अवस्थेत प्राणासही धोका असतो.

येथे वारजन्य हॉर्मोनाचा एक गुण महत्त्वाचा ठरतो. नैसर्गिक पीतपिंडकारी हॉर्मोन रक्तातून थोड्याच वेळात नाहीसे होते. वारजन्य हॉर्मोन मात्र कित्येक दिवस टिकते व कणकोशिकांना सतत चेतवीत राहते. गर्भधारणा झाल्यास गर्भाचे स्वतःचे वारजन्य हॉर्मोन त्यात भर घालते. म्हणून उपचार यशस्वी झालेल्या स्त्रीतच ही व्याधी पुन्हा, आणि अधिक जोराने, उद्भवू शकते.

ज्यांच्या अंडाशयांत लहान पुटकांची दाटी असते त्यांना हा धोका अधिक. ही दाटी ओळखण्याचे साधनही कणकोशिकांनीच पुरविले आहे. लहान पुटकांच्या कणकोशिका प्रति-म्युलरीय हॉर्मोन (एएमएच) स्रवतात. पुटक सुमारे 10 मि.मी.च्या पुढे गेले की हे स्रवण मंदावते. म्हणून रक्तातील त्याच्या पातळीवरून उद्दीपनास किती पुटके प्रतिसाद देतील याचा अंदाज बांधता येतो व औषधाची मात्रा आधीच कमी ठेवता येते. दुसरा उपाय असा की, वारजन्य हॉर्मोन न टोचता पोष ग्रंथीकडूनच अल्पकाळ टिकणारी लाट उसळवावी. ही लाट ओसरताच पीतपिंड लवकर कोमेजतात व धोका बहुतांशी टळतो. मात्र त्याच चक्रात गर्भ रोवण्यास आवश्यक तो आधारही त्यांच्याबरोबर जातो. यास्तव गर्भ गोठवून पुढील चक्रात रोवतात. कोलकात्यात 1978 साली अवलंबिलेला क्रम आज सुरक्षिततेच्या कारणाने पुष्कळ ठिकाणी अनुसरला जातो.

टाकलेल्या कोशिकांचा अभ्यास

अंड वेगळे केल्यावर उरलेला द्रव संशोधकांस मोलाचा वाटतो. त्यातील तांबड्या रक्तकोशिका दूर करून कणकोशिका पात्रात वाढविता येतात व त्या काय स्रवतात हे दिवसेंदिवस मोजता येते. अशा पात्रात त्या प्रोजेस्टेरॉन आपोआप स्रवतात. स्त्रीमदजन मात्र पात्रात पौरुषजन घातल्याशिवाय जवळजवळ मिळत नाही. फाल्क यांनी डोळ्याच्या कप्प्यात जे पाहिले तेच येथे काचपात्रात पुन्हा प्रत्ययास येते.

परंतु या पद्धतीच्या मर्यादाही विसरता कामा नयेत. या कोशिका स्त्रीच्या शरीरातच रूपांतराच्या मार्गास लागलेल्या असतात. म्हणून वाढत्या पुटकातील कणकोशिकेचे वर्तन त्यांवरून जसेच्या तसे अनुमानिता येत नाही. निरनिराळ्या पुटकांतील कोशिका एकत्र मिसळलेल्या असतात, त्यांत श्वेत रक्तकोशिकांची भेसळ असते आणि प्रत्येक स्त्रीस मिळालेले औषध वेगळे असते. जपानी संशोधकांनी 2001 साली कणकोशिकांच्या अर्बुदापासून पात्रात अखंड वाढणारा एक कोशिकावंश प्रसिद्ध केला. तो सोयीचा खरा, पण अर्बुदाची कोशिका ही निरोगी कोशिका नव्हे.

उपसंहार

वरील विवेचनाचा निष्कर्ष थोडक्यात सांगता येईल. उपचारात जितकी अंडे अधिक मागावी तितक्या ग्रंथी आपण एकाच वेळी जागृत करतो. अंडे पात्रात निघून जातात. ग्रंथी स्त्रीच्या शरीरात राहतात आणि त्यांचे स्रवण तिलाच सोसावे लागते. दुसऱ्या स्त्रीसाठी अंडे देणाऱ्या स्त्रीच्या बाबतीत तर तिला स्वतःला अपत्याचा लाभही व्हावयाचा नसतो. भारतात 2021 साली झालेल्या सहायक जननतंत्रज्ञानाच्या विनियमनाच्या कायद्यान्वये अशा स्त्रीस आयुष्यात एकदाच अंडदान करता येते आणि तिच्यापासून सातांहून अधिक अंडे घेता येत नाहीत. परंतु कायदा अंडे मोजतो. पुटके किती वाढली हे त्यावरून ठरत नाही. ते मात्रा ठरविणाऱ्या वैद्याच्या विवेकावर अवलंबून राहते. तो विवेक जागा राहावयाचा असेल, तर उपचारापूर्वी आणि उपचारकाळी अंडांच्या संख्येइतकेच लक्ष पुटकाच्या भिंतीतील या ग्रंथीकडेही दिले गेले पाहिजे.